पहिलटकरणीची सोबत

पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या बाईसाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहे: पहिलटकरीण. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईला असं वेगळं नाव सहसा ऐकू येत नाही. माझी आजी हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणायची. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावात कुणाकडे सुईणीला बोलावणं गेल्याचं कळलं, की तिचा पहिला प्रश्न असायचा, "पहिलटकरीण आहे का गं?" उत्तर हो आलं तर ती देवापुढे निरांजन लावायची आणि सुटका झाल्याचा निरोप येईपर्यंत त्यात तूप घालत राहायची. तिची स्वतःची नऊ बाळंतपणं घरातच झाली. हाताशी आलेली मुलं सहा.

दोन महिन्यांपूर्वी माझी भाची पुण्याहून माझ्याकडे राहायला आली. सातवा संपत आलेला, पहिलंच. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, "मावशी, मी घरीच बाळंत होणार आहे. डूला ठरवलीय." डूला म्हणजे बाळंतपणात जवळ बसणारी सोबतीण.

"आणि डॉक्टर?"

"एका हॉस्पिटलात नाव घातलंय. पण तिथे जायची वेळ येणार नाही, असं डूला म्हणतात." मग थोडं थांबून, "पणजीची नऊ झाली ना घरात?"

मी तिला सहाचा आकडा सांगितला. तो तिला माहीत नव्हता. आमच्या घरात नऊ बाळंतपणांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, त्या तीन बाळांची मात्र कुणालाच नाही. त्यांची नावंही ठेवली गेली नव्हती.

'पूर्वी बायका घरीच बाळंत व्हायच्या' हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं, आणि त्याचा शेवट नेहमी गाळलेला असतो. आनंदीबाई जोशी पहिलटकरीण झाल्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. त्यांचं बाळ दहा दिवस जगलं. पुढे अमेरिकेत जाऊन १८८६ साली त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. समुद्र ओलांडायला निघालेल्या त्या मुलीच्या मनात ते दहा दिवस होतेच. पूर्वीचं बाळंतपण कसं होतं, हे तिच्यापेक्षा चांगलं कुणाला ठाऊक असणार?

तरीही भाचीला मी वेड्यात काढलं नाही. ती घाबरलेली होती, आणि तिची भीती खरी होती. तिच्या मैत्रिणीला गेल्या वर्षी कळा सुरू झाल्यावर लेबर रूममध्ये नेलं आणि दार लागलं. आत नऊ तास ती एकटी. नवरा बाहेर, आई बाहेर. दर तासाला कुणीतरी अनोळखी माणूस यायचं, न विचारता तपासायचं आणि काही न सांगता निघून जायचं. शेवटी सिझेरियन. ते का करावं लागलं, हे तिला आजही नीट माहीत नाही. भाचीला त्या दाराच्या आत जायचं नव्हतं, म्हणून ती घराच्या दाराकडे वळली होती.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिलं मूल, घरी, आणि डूलाच्या भरवशावर, याला माझा विरोध आहे. पण डूला ही पहिलटकरणीला हवीच, आणि ती दवाखान्यात, लेबर रूमच्या दाराच्या आत हवी. आपण सगळ्यांनी भांडायचं असेल तर ते या दारासाठी भांडावं.

डूला म्हणजे काय, याबद्दल बराच गोंधळ आहे. शब्द ग्रीक, अर्थ सेवा करणारी बाई. डॅना राफेल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली तो बाळंतिणीच्या मदतनीस बाईसाठी वापरला आणि तो रूढ झाला. डूला कळा सोसणाऱ्या बाईजवळ बसते. कंबर चोळते, श्वास कसा घ्यायचा ते सांगते, पाणी पाजते, कूस बदलायला, उठून चालायला मदत करते, चाललंय त्याचा अर्थ समजावते आणि मुख्य म्हणजे जागची हलत नाही. ती सुईण नव्हे, नर्स नव्हे, बाळंतपण करण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली मिडवाइफही नव्हे. गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय हे ती तपासत नाही, बाळाच्या हृदयाचे ठोके मोजत नाही, रक्तस्राव थांबवण्याचं इंजेक्शन देत नाही, न रडणाऱ्या बाळाला श्वास देत नाही. हे तिचं कामच नाही, आणि आपल्या कामाची जाण असलेली डूला ते पहिल्याच भेटीत सांगते.

तिच्या सोबतीने फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजलेला आहे. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह ग्वातेमालातल्या एका रुग्णालयात पहिलटकरणींवर एक छोटा प्रयोग केला. १९८० साली तो प्रसिद्ध झाला. काही जणींजवळ एक बाई सतत बसून राहिली, बाकीच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे एकट्या. सोबत मिळालेल्या बायका सरासरी नऊएक तासांत बाळंत झाल्या, एकट्या राहिलेल्यांना एकोणीस तास लागले. मग ह्यूस्टनमध्ये मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९१ साली आले. पुन्हा पहिलटकरणीच. सोबत मिळालेल्यांत सिझेरियनचं प्रमाण ८ टक्के, न मिळालेल्यांत १८ टक्के. त्या प्रयोगात आणखी एक गट होता. त्यांच्या खोलीत एक बाई नुसती बसून टिपणं घेत होती, ना स्पर्श, ना बोलणं. त्या गटात प्रमाण १३ टक्के. खोलीत आपल्याकडे लक्ष असलेलं एक माणूस आहे, एवढ्यानेही फरक पडला. २०१७ साली, वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात सतरा देशांतले २६ प्रयोग आणि पंधरा हजारांवर बायका एकत्र पाहिल्या गेल्या. सतत सोबत मिळालेल्या बायका नैसर्गिकपणे बाळंत होण्याचं प्रमाण जास्त, सिझेरियन कमी, कळांचा काळ कमी, वेदनाशामकं कमी.

भाचीने यातलं बरंच वाचलेलं होतं. एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली नव्हती, आणि तिला सल्ला देणाऱ्यांनीही तिला ती सांगितली नव्हती. डूलाचं नाव ज्या प्रयोगांनी झालं, ते रुग्णालयात झाले. डूला होती तेव्हा पलीकडे नर्स होती, डॉक्टर होता, रक्तपेढी होती, शस्त्रक्रियेची खोली होती. या सगळ्यात सोबतीची भर पडली म्हणून ते आकडे आले. सगळं काढून टाकून फक्त सोबत ठेवली तर काय होतं, याचं उत्तर त्या प्रयोगांत नाही. ते आजीच्या तीन बाळांत आहे.

आता घराबद्दल. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सुमारे चौसष्ट हजार बाळंतपणांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. या विषयावरचा इतका काटेकोर अभ्यास क्वचितच झाला असेल, आणि त्याचा निष्कर्ष वाचताना मला आजीचा प्रश्न आठवला. दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेच्या बायकांच्या बाबतीत, घरी बाळंत होण्याने बाळाला जास्त धोका असल्याचं दिसलं नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत दिसलं. बाळाचा मृत्यू किंवा मेंदूला इजा यांसारख्या गंभीर गोष्टी एकत्र मोजल्या, तर डॉक्टरांच्या प्रसूतिकक्षात त्यांचं प्रमाण हजारी ५.३ होतं आणि घरी हजारी ९.३. हजारातल्या नऊशे नव्वद बाळांचं ठीक झालं हेही खरं, आणि घरी राहिलेल्या बायकांवर चिरफाड कमी झाली हेही खरं. पण घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना कळा चालू असताना किंवा बाळंत झाल्यावर लगेच रुग्णालयात हलवावं लागलं. पुढच्या खेपेच्या बायकांत हेच प्रमाण १२ टक्के होतं.

शंभरातल्या पंचेचाळीस. 'तिथे जायची वेळ येणार नाही' या वाक्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

आणि इंग्लंडच्या त्या घरांत डूलाच्या भरवशावर काहीच नव्हतं. तिथे सरकारी आरोग्यसेवेची प्रशिक्षित, नोंदणीकृत मिडवाइफ होती. तिच्या पेटीत रक्तस्राव थांबवणारं औषध होतं, बाळाला श्वास देण्याची पिशवी आणि मास्क होता. तिने फोन केला की गाडी येत होती, आणि पोचलेल्या बाईला रुग्णालयात कुणी "आधी कुठे दाखवत होतात?" म्हणून दारात थांबवत नव्हतं. एवढं सगळं असूनही पहिल्या खेपेला फरक राहिलाच. आपल्याकडे यातलं काय आहे? सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीतून संध्याकाळी सातला निघालेली गाडी किती वाजता पोचेल, हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही विचारावं. आणि आठ तास घरी अडलेली केस दारात आली की आपल्याकडचा डॉक्टर आधी बिचकतो. तो का बिचकतो, हेही मी समजू शकते.

पहिली खेप वेगळी का, याचं कारण साधं आहे. त्या वाटेने आधी कुणी आलेलं नसतं. गर्भाशयाचं तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडत जातं, त्याला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार, तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला बारा तासही लागू शकतात, आणि पुढे बाळ बाहेर यायला तीन तासांपर्यंत. बाळाचं डोकं कटीतून उतरेल की अडेल, हे कळा सुरू झाल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. तपासण्या सगळ्या उत्तम असलेल्या, योगासनं केलेल्या, नीट खाल्लेल्या मुलीलाही नाही. यात बाईचा काही दोष नाही, आणि म्हणूनच 'तुझ्या शरीरावर विश्वास ठेव' हे वाक्य मला क्रूर वाटतं. विश्वास ठेवूनही बाळ अडलं, तर त्या मुलीने काय समजायचं?

त्यानंतरची पहिली मिनिटं. शंभरातल्या पाच ते दहा बाळांना श्वास सुरू करायला काही ना काही मदत लागते, आणि ती पहिल्या मिनिटात लागते. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर रक्त वाहत राहतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. आपल्या देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक, ५२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी आढळल्या. आधीच रक्त कमी असलेल्या बाईकडे ते दोन तासही नसतात.

घरातलं बाळंतपण सुरक्षित करायचा खरा प्रयत्न महाराष्ट्रात झालाय, तो गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने एकोणचाळीस गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. दाईच्या शेजारी ही आरोग्यदूत बसायची, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायची. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. घराची बाजू घेणारे हे उदाहरण देतात, म्हणून सांगते. त्या घरांत दाईच्या शेजारी हात शिकवलेली बाई आणली, म्हणून ती बाळं वाचली. आणि ते घरात करावं लागलं, कारण जंगलातून दवाखान्यापर्यंत रस्ता नव्हता. आज त्याच पट्ट्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' आहेत. दिवस भरत आलेली आदिवासी बाई पोरंबाळं घेऊन तिथे आधीच येऊन राहते, म्हणजे कळा सुरू झाल्या की दवाखाना जवळ असतो. तिच्यासाठी आपण एवढी वाट बांधली. ती वाट उलट्या दिशेने चालायला मी पुण्यातल्या मुलीला सांगू शकत नाही.

आता त्या दाराकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

१९९६ साली मी पहिलटकरीण होते. दवाखान्याचं नाव महत्त्वाचं नाही, तेव्हा बहुतेक ठिकाणी हेच होतं. आई बाहेरच्या बाकावर थर्मास घेऊन चौदा तास बसून होती. आत तीन टेबलं, मध्ये पडदा नाही. मला उताणं झोपवून पाय वर अडकवले होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी विशीचीसुद्धा नसेल. ती मोठ्याने ओरडली तेव्हा तिथली आया म्हणाली, "तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?" ती मुलगी पुन्हा ओरडली नाही. बाळ बाहेर येईपर्यंत पदराचा बोळा दातात धरून पडून राहिली. तिची आई किंवा बहीण, कुणीही त्या खोलीत असती, तर त्या आयाने ते वाक्य उच्चारलं असतं का? नसतं. सोबतीचा हा उपयोग कुठल्याही तक्त्यात मावत नाही. साक्षीदार असला की माणसं नीट वागतात.

तीस वर्षांनी भाचीच्या मैत्रिणीची गोष्ट ऐकली तेव्हा खोली वातानुकूलित झाली होती, बाकी फार काही बदललं नव्हतं. कागदावर बदललंय. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने सांगितलं की सरकारी दवाखान्यात कळा सोसणाऱ्या बाईसोबत एक बाई राहू शकते, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली; आणि जिथे आडोसा नीट आहे तिथे नवराही. लेबर रूम सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या सरकारी 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानाने वागवणं आणि सोबतीण या गोष्टी दर्जाच्या निकषांत आल्या. तरी सरकारी रुग्णालयांत उत्तर मिळतं, जागा नाही. जागा नसते हे खरंच आहे. मग पडदे लावा, टेबलांमध्ये आडोसे घाला. त्याला एम.आर.आय. यंत्राएवढा पैसा लागत नाही. खाजगीत तर 'नातेवाइकांनी बाहेर थांबावे' ही पाटी हाच नियम. त्याच खाजगीत, त्याच राष्ट्रीय पाहणीनुसार, देशभरात ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारीत १४ टक्के. सगळीच अनावश्यक असतात असं मी म्हणणार नाही. माझ्या बहिणीचा जीव सिझेरियननेच वाचला. पण एवढ्या मोठ्या तफावतीचं समाधानकारक स्पष्टीकरण मला अजून कुणी दिलेलं नाही. सिझेरियन कमी करणारी, पुराव्याने सिद्ध झालेली, औषधाशिवायची एक गोष्ट हाताशी असताना ती दाराबाहेर बसवून ठेवायची, याचं तर मुळीच नाही.

घरी बाळंत व्हायला निघालेल्या मुलींना अडाणी ठरवणाऱ्या डॉक्टरांना मला एवढंच विचारायचं आहे: तुमच्या लेबर रूममध्ये तिच्या माणसाला बसायला खुर्ची आहे का?

महाराष्ट्राने २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणली. पुरुष डॉक्टर तपासत असताना बाईसोबत दुसरी बाई असण्याचा हक्क त्यात आहे. तपासणीच्या पाच मिनिटांसाठी जो हक्क आहे, तो बाळंतपणाच्या बारा तासांसाठी स्पष्ट शब्दांत लिहिला जावा आणि प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लागावा. पगारी डूला परवडणाऱ्या घरांचा प्रश्न त्याने सुटेलच, पण मला काळजी आहे ती न परवडणाऱ्यांची. त्यांची सोबतीण आधीच हजर असते. आशाताई रात्री-अपरात्री गाडीत बसून गरोदर बाईला दवाखान्यात आणतात आणि लेबर रूमच्या उंबऱ्यावर त्यांना थांबवलं जातं. त्यांना आत घ्या, त्या बसलेल्या तासांचे पैसे द्या. फुकटात आणखी एक काम त्यांच्या डोक्यावर टाकू नका, तो अन्याय पुरे झाला. आणि बाई म्हणेल तर तिची आई, बहीण, जाऊ, नवरा, कुणीही. माणूस तिने निवडायचं.

मिडवाइफची वाट हा याचाच पुढचा भाग आहे. २०१८ साली केंद्राने मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं आणली. नर्सिंग झालेल्या बायकांना अठरा महिन्यांचं प्रशिक्षण, आणि रुग्णालयातच मिडवाइफच्या हाताखाली चालणारे प्रसूतिकक्ष. तेलंगणाने यात लवकर पाऊल टाकलं. इंग्लंडच्या त्या अभ्यासातही पहिलटकरणींना सर्वांत चांगलं मानवलं ते हेच: मिडवाइफचा कक्ष. तिथे बाळांना जास्त धोका दिसला नाही आणि बायकांवर चिरफाडही कमी झाली. घरासारखी खोली, चालायला मोकळीक, आणि गरज पडली तर डॉक्टर हाकेच्या अंतरावर. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणी असा कक्ष उभा राहणं मला एखाद्या नव्या उड्डाणपुलापेक्षा जास्त निकडीचं वाटतं.

डूलांनाही एक सांगायचं आहे, आणि ते आपुलकीने, कारण त्यातल्या काहींचं काम मी पाहिलंय. तुमच्या नावाला आपल्याकडे कुठलीही वैधानिक नोंदणी नाही, तेव्हा तुमची मर्यादा तुम्हीच ठरवायची आहे. मिडवाइफ किंवा डॉक्टर नसलेल्या घरात पहिलटकरणीजवळ एकटीने बसायला नाही म्हणा. ती दुखावेल, कदाचित दुसरी कुणी शोधेल. तरीही नाही म्हणा, आणि तिच्यासोबत दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टरशी बोला. कंबर चोळण्याइतकंच तेही तुमचं काम आहे.

भाचीला मी काही पटवलं असं म्हणता येणार नाही. आम्ही तीन रात्री बोललो. ४५ चा आकडा तिने स्वतः पुन्हा शोधून वाचला, नवऱ्याला वाचायला दिला. मग दवाखाने बदलून पाहिले. पहिल्या दोघांनी सोबतीचं नाव काढताच मान हलवली. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टर बाईंनी तिला अर्धा तास दिला. कळांमध्ये चालू देणार, विचारल्याशिवाय छेद घेणार नाही, बाळ लगेच छातीवर देणार, हे सगळं मान्य केलं. घरी पहिले काही तास डूलासोबत थांबायचं आणि कळा पाच मिनिटांवर आल्या की निघायचं, असंही ठरलं. दवाखाना तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

एकच गोष्ट अडली आहे. आत एकच माणूस घेतात. नवरा किंवा डूला, दोघांपैकी एक. काल रात्री तिचा फोन आला होता, नववा लागलाय, आवाज थकलेला. "मावशी, मी त्याला बाहेर बसवू का?" सोमवारी आम्ही दोघी पुन्हा त्या डॉक्टरांना भेटायला जातोय, दुसरी खुर्ची मागायला.